बिनसारवणाची दिवाळी

गुणवंतरावांच्या खात्याचं नाव बदललं आणि गुणवंतरावांची झोप उडाली.

वास्तविक त्यात झोप उडावी असं काही नव्हतं. काल 'मलेरिया नियंत्रण' होतं, आज 'मलेरिया निर्मूलन' झालं, एवढंच. गडचिरोलीच्या कचेरीवरची पाटी रंगाऱ्यानं दुपारच्या जेवणाआधी बदलून दिली. पण गुणवंतराव पडले विचारी गृहस्थ. नियंत्रण म्हणजे डासांना जमेल तसं आवरून धरायचं, हे त्यांना कळत होतं आणि इतकी वर्षं ते यथाशक्ती धरतही आले होते. निर्मूलन म्हणजे एकही डास शिल्लक ठेवायचा नाही. आणि डासच शिल्लक राहिला नाही, तर डासांचा इन्स्पेक्टर तरी सरकार कशासाठी शिल्लक ठेवील, या प्रश्नानं ते रात्री अंथरुणात उठून बसू लागले.

त्यात राज्यही नवीन. दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीसकट अख्खा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. म्हणजे जिल्हा होता तिथंच होता, पण पूर्वी नागपूरला जाणारे कागद आता मुंबईला जात, आणि इतका लांबचा प्रवास करून गेलेले कागद बहुतेक तिकडेच मुक्काम ठोकत. तिकडून मात्र परिपत्रकं न चुकता येत. नव्या खात्याच्या पहिल्याच परिपत्रकात म्हटलं होतं की, जुन्या खात्यातल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना, काम योग्य आढळल्यास, नव्या आस्थापनेत सामावून घेण्यात येईल. 'सामावून घेणे' हे ऐकायला किती मायेचं. पण त्याच्या आधी 'योग्य आढळल्यास' होतं, आणि योग्य न आढळल्यास काय, याबद्दल परिपत्रक तोंडातून अवाक्षर काढत नव्हतं. गुणवंतरावांना बायको होती, एक लहान मुलगी होती आणि डासांखेरीज दुसरं कुठलंही काम येत नव्हतं.

योग्य-अयोग्य ठरवायला नवे साहेब येणार होते. वाघोलीकर साहेब. पुण्याकडचे. भाऊबीज आटोपली की ते चिचटोला या गावी येऊन गुणवंतरावांच्या हाताखाली झालेली फवारणी तपासणार होते.

फवारणी म्हणजे डीडीटीची पावडर पाण्यात कालवायची आणि पंपानं घरातल्या भिंतींवर मारायची. ती वाळली की भिंतीवर पांढुरका थर राहतो. डास चावून झाल्यावर विश्रांतीला भिंतीवर टेकतो आणि तिथंच त्याची कायमची विश्रांती होते. सगळी मदार त्या थरावर. थर टिकला तर खातं टिकलं. जुन्या खात्यात दुसऱ्या फेरीची फवारणी दिवाळी आणि तिच्या पाठोपाठची गावची मंडई, म्हणजे जत्रा, आटोपल्यावर होई, कारण दिवाळीच्या आधी या मुलखातली प्रत्येक बाई घराच्या भिंती शेणामातीनं सारवते आणि वर पांढऱ्या मातीचा हात देते. हे नागपूरच्या साहेबांना माहीत होतं, कारण त्यांच्याही आया सारवत. मुंबईचं वेळापत्रक ज्यानं केलं तो बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहत असावा. त्यानं दुसरी फेरी दिवाळीच्या तोंडावर आणून ठेवली आणि चिचटोल्यात ती मारूनही झाली.

तेव्हा गुणवंतरावांपुढचं काम अगदी छोटं होतं. एका गावातल्या बायांना एका दिवाळीपुरतं सारवू द्यायचं नाही, बस.

"हे काम छोटं आहे?" इंदुताई म्हणाल्या. इंदुताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या स्वतः त्या वेळी कोपरापर्यंत शेणात हात घालून अंगण सारवत होत्या. "तुम्ही मले तरी थांबवून पाहा."

गुणवंतरावांनी तो प्रयोग केला नाही. ते कुंपणापाशी गेले, कारण कुंपणापलीकडे भैयाजी उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. भैयाजी निवृत्त पोस्टमास्तर. नोकरीभर त्यांनी फक्त टपाल पाहिलं, त्यामुळे टपाल सोडून बाकी सर्व विषयांवर त्यांची मतं ताजी राहिली होती.

"गुणवंतराव, गोड बोलून बाया आयकत नाईत," भैयाजी म्हणाले. "भेव दाखवा. सरकारी माणसाजवळ दुसरं हाये काय?"

"कशाचं भेव दाखवू? मलेच साहेबाचं भेव वाटून राह्यलं."

"ते तुम्ही पाहा. मी त फक्त मार्ग सांगून राह्यलो."

चिचटोल्याला जायला जंगलातून सायकलची वाट होती. वाटेत गुणवंतरावांची पॅन्ट साखळीत अडकून फाटली, एका नाल्यात सायकल त्यांच्यासकट आडवी झाली, आणि गावाच्या शिवेवर मुलांनी 'मच्छरसाहेब आले' असा गलका करून त्यांचं स्वागत केलं. या नावाचं त्यांना फार लागे. तहसीलदाराला कोणी जमीनसाहेब म्हणत नाही, फौजदाराला चोरसाहेब म्हणत नाही. मग इमानेइतबारे नोकरी करणाऱ्या माणसाच्याच नावाला डास का चिकटवावा? फाटकी पॅन्ट एका हातानं धरून ते मनसाराम पाटलांच्या ओसरीवर चढले आणि बायांना बोलावणं धाडलं.

बाया जमल्या. गुणवंतरावांनी त्यांना मलेरियाचं शास्त्र समजावून सांगितलं. बायांनी पदराआडून ते शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी नव्या राज्याची आणि नव्या खात्याची माहिती दिली. तीही ऐकून घेतली. शेवटी ते म्हणाले की या दिवाळीला कोणी सारवायचं नाही, तेव्हा पदर खाली आले आणि ओसरीवर एकदम बाजार भरला.

"आमच्या घरी कोनी मेलं नाई जी," सगळ्यांच्या पुढे बसलेली गुणाबाई म्हणाली. ही ढिवराच्या घरातली विधवा, तलावावर मासोळी धरून तिनं एक मुलगा आणि एक मुलगी वाढवली होती. "मंग दिवाळीले भिंती तशाच काऊन ठेवाच्या? सुतक असन त घर सारवत नाई. आमाले कायचं सुतक?"

गुणवंतरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते याच मातीतले. पण काळजी वाहणाऱ्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट दिसते, आणि त्यांना या क्षणी साहेबांचं बोट भिंतीवरून फिरताना दिसत होतं.

"मग बाहिरून सारवतो," दुसरी एक बाई म्हणाली. "अंदर हात नाई लावत. तुमची पावडर त अंदर हाये."

वास्तविक इथंच हो म्हणून सायकलवर बसायचं. पण गुणवंतरावांनी घरी इंदुताईंना सारवताना पाहिलं होतं. बाईच्या हातात एकदा पोतेरा आला की तो उंबऱ्यावर थांबत नाही, हे ते अनुभवानं जाणून होते. त्यांनी भैयाजींचा सल्ला आठवला आणि आवाज चढवला.

"आत नाही, बाहेर नाही. ज्या घरी मातीचा एक हात दिसला त्या घरी परत फवारणी. सगळं सामान बाहेर काढून."

पदर परत वर गेले. फवारणीचा दिवस म्हणजे घरातली भांडी, धान्याच्या कणग्या, खाटा, देव, सगळं उन्हात काढायचं, आणि संध्याकाळी परत आत नेईपर्यंत कोंबड्या सांभाळायच्या. शिवाय गेल्या फवारणीनंतर गावातली मांजरं मेली होती आणि तेव्हापासून उंदरांनी गावावर राज्य मांडलं होतं. परत एकदा तो दिवस कोणालाच नको होता.

"जसं सरकार म्हनते तसं," पाटील म्हणाले आणि सभा संपली. गुणाबाई मात्र जाताना ओसरीच्या भिंतीवरचे डाग पाहत थांबली. पावडर ओघळून भिंतीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, मधूनमधून पावसानं माती खरवडून नेलेली. "पोट्टी येते भाऊबीजेले," ती कोणाकडेच न पाहता म्हणाली. "कसं दिसन हे घर."

गुणवंतराव विजयी मुद्रेनं परतले. परतताना नाल्यात पुन्हा पडले, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

दिवाळी मात्र त्यांना सुखाची गेली नाही. लाडू खाताना चिचटोला, फटाके ऐकताना चिचटोला. एखादी म्हातारी सवयीनं पोतेरा घेऊन बसली तर? एखादी सून सासूवर सूड म्हणून सारवून बसली तर? पाडव्याला इंदुताईंनी ओवाळलं तेव्हा गुणवंतरावांचं लक्ष त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. इंदुताईंनी तबक खाली ठेवलं आणि दिवसभर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भैयाजी कुंपणापाशी आले. चेहरा गंभीर, पण डोळ्यांत बातमी पहिल्यांदा सांगायला मिळाल्याचा आनंद.

"गुणवंतराव, तुमच्या चिचटोल्यात हैजा झाला म्हणते."

"काय?"

"अख्खं गाव सुतकात आहे. घराघरात मयत. कोनाच्याच भिंतीले हात नाई. बाजारात सांगून राह्यले सारे."

हैजा म्हणजे पटकी, घरंच्या घरं नेणारी साथ. पण गुणवंतरावांना दुसऱ्याच क्षणी सगळं उमगलं. दिवाळीला या मुलखात पाव्हणे येतात. लेकी भाऊबीजेला, जावई लेकींना घेऊन, आणि मग सगळे मिळून मंडईला थांबतात. पाव्हणा शिवेवर आला की आधी घरांच्या भिंती दिसतात. एका घराची भिंत उघडी असली तर तो समजतो, त्या घरी वाईट झालं. अख्ख्या गावाच्या भिंती उघड्या असल्या तर तो काय समजणार? तो समजतो आणि पाठ फिरवतो. परत जाताना वाटेतल्या गावांनाही सांगून जातो, कारण अशी बातमी पोटात ठेवणं बरं नसतं. आलेले पाव्हणे परत गेले, मंडईचे दुकानदार आलेच नाहीत, दंडारीच्या नाटकवाल्यांनी ढोलकी गुंडाळून दुसरं गाव धरलं. आणि उद्या साहेब त्याच गावात येणार होते.

हैजा खोडून काढायला गुणवंतराव धावत कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना बसायला सांगितलं.

"साथ मागे घ्यायची आहे?" त्यानं विचारलं. "जाहीर कोणी केली?"

"कोणीच नाही. साथ नाहीच आहे."

"जाहीर झाली असेल तर मागे घेता येते. जाहीरच झाली नाही तर मागे काय घेणार? असं करा, आधी ती जाहीर करवून आणा."

"कोणाकडून?"

इथं कारकुनानं पेन खाली ठेवलं. पूर्वी साथ जाहीर करायचं काम जनपद सभेच्या, म्हणजे जुन्या राज्यातल्या तालुक्याच्या मंडळाच्या, डॉक्टरकडे होतं. आता जनपद सभेचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टरला तो स्वतः कोणत्या खात्यात आहे ते कळलं नव्हतं. हैज्याची सुई टोचणारे जुन्या नावाच्या खात्यात होते आणि त्यांचं नवं नाव छापून यायचं होतं. तेव्हा हैजा आहे असं म्हणण्याचा अधिकार कोणाला नव्हता आणि नाही म्हणण्याचाही नव्हता. कारकुनानं गुणवंतरावांना मनापासून सहानुभूती दाखवली. तोही सामावला जायचा होता.

गुणवंतरावांनी सायकल काढली. चिचटोला त्यांनी आजवर इतका गप्प पाहिला नव्हता. सणाचं गाव, आणि अंगणात एक पाव्हणा नाही. गुणाबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्यापुढे ताटात ओवाळणीचं सामान तसंच होतं, आणि तिचा मुलगा बाजूला मान खाली घालून बसला होता.

"सोमारी आली नाई जी," गुणाबाई म्हणाली. सोमारी म्हणजे तिची लेक, नदीपल्याडच्या गावात दिलेली. "तिचा दीर शिवेपर्यंत येऊन गेला. भिंत पाह्यली अन् पलटला. मी अंदर मासोळी रांधून राह्यली होती. मले माहितच नाई. आता निरोप आला. माही पोट्टी तिकडं मले रडून राह्यली, साहेब. मी इथी जित्ती बसली आहो अन् माही लेक मले रडून राह्यली."

ती रागावली असती तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला परिपत्रक दाखवता येतं. ती रागावली नव्हती. गुणवंतरावांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटतानाही आपल्या मनात उद्याचे साहेब आहेत, याची त्यांना आणखी लाज वाटली.

"मी आणतो तिला," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

नदीवर माणसं पलीकडे नेणारा डोंगा होता. डोंगेवाल्यानं चिचटोल्याहून आलेल्या माणसाला बसवायला साफ नकार दिला. हैजा डोंग्यालाही लागतो असं त्याचं मत होतं. शेवटी गुणवंतरावांनी बूट गळ्यात अडकवले आणि छातीइतक्या पाण्यातून नदी पार केली. सायकल अल्याड राहिली, टोपी पाण्यानं नेली. ओलेचिंब, अनवाणी, फाटक्या पॅन्टचे गुणवंतराव सोमारीच्या दारात उभे राहिले, तेव्हा तिच्या सासूनं त्यांना आधी भिक्षेचे तांदूळ आणून दिले.

सोमारी आतून आली. डोळे सुजलेले.

"तुझी आई ठणठणीत आहे," गुणवंतराव म्हणाले. "मी आत्ता तिच्याशी बोलून आलो. भिंती माझ्या हुकमानं तशा ठेवल्या आहेत. पावडरसाठी."

सोमारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मच्छरवाले ना तुमी?"

"हो."

"आमच्या गावीबी आलते. म्हनत होते, पावडरनं मांजर मरत नाई. साऱ्या मांजरा मेल्या." तिनं पदरानं डोळे पुसले. "सरकारी मानूस म्हनते आई जित्ती आहे. माहा दीर आपल्या डोळ्यानं भिंत पाहून आला. मी कोनाचं आयकू?"

गुणवंतरावांनी शपथा घेतल्या. आपल्या मुलीची शपथ घेतली. सोमारी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई जित्ती असन त भिंत सारवन. आमच्या बांधावरून नदीपल्याड तिचं घर दिसते. पांढरं दिसलं त मी येईन. नाई दिसलं त माहं रडनं खरं."

परतीच्या वाटेवर पाणी आणखी गार लागलं. नदीच्या मधोमध गुणवंतरावांनी हिशेब मांडला आणि तो कुठूनही मांडला तरी एकच येत होता. घर सारवलं तर उद्या साहेबांपुढे ते अयोग्य आढळणार. मग इंदुताईंना काय सांगायचं? नाही सारवलं, तर एक बाई आपल्या जिवंत आईला रडत बसणार आणि आई तिकडे ओवाळणीच्या तशाच राहिलेल्या ताटापुढे.

रात्र पाटलांच्या ओसरीवर काढून सकाळी त्यांनी गुणाबाईच्या दारात उभं राहून सांगितलं, "बाई, सारवा. फक्त नदीकडची बाहेरची भिंत. आत हात लावू नका."

"बाहिरूनच," गुणाबाई म्हणाली, आणि बादली उचलली.

ती बाहेरचीच सारवणार होती, यात शंका नाही. पण शेजारणीनं पाहिलं. शेजारीण म्हणाली, गुणाबाईले मुभा अन् आमाले नाई, आमच्या लेकी काय उकिरड्यावर वाढल्या? तिनं बादली काढली. तिचं पाहून तिसरीनं. बघता बघता चिचटोल्यात पोतेरेच पोतेरे झाले. इतके दिवस अडवून धरलेलं सारवण धरण फुटल्यासारखं सुटलं. गुणवंतराव या दारातून त्या दारात पळत होते, 'बाहेरून, बाहेरून' म्हणत होते, आणि प्रत्येक दारात बाया माना डोलावून आत जात होत्या. गुणाबाईच्या घरात ते शिरले, तेव्हा ती आतल्या भिंतीवर पांढऱ्या मातीचा शेवटचा हात देत होती.

"बाहिर चांगली अन् अंदर घान, असं कसं ठेवाचं जी?" ती म्हणाली.

उन्हं वर आली तेव्हा नदीच्या बाजूनं सोमारी आली. धावत आली. गुणाबाई मातीच्या हातांनीच पुढे झाली आणि दोघी अंगणात एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडल्या. सोमारीचं लुगडं पाठीवर पांढरं झालं. तिचा भाऊ उगाच कोंबड्या हाकत राहिला. गुणवंतरावांचेही डोळे भरून आले. अगदी त्याच वेळी साहेबांची जीप शिवेवर वाजली, त्यामुळे ते नक्की कशासाठी भरले हे सांगता येणार नाही.

वाघोलीकर साहेब ठेंगणे, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी गुणवंतरावांचा अवतार पाहिला आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली. मग ते थेट गुणाबाईच्या घरात गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. भिंत पांढरीशुभ्र. त्यांनी बोट टेकवलं. बोट ओलं झालं. बोट नाकाशी नेलं. गुणवंतरावांनी डोळे मिटले.

"काय आहे हे?" साहेबांनी विचारलं.

गुणवंतरावांनी डोळे उघडलेच नाहीत. गुणाबाईला मात्र आपल्या कामाचा अभिमान होता.

"माती होय, साहेब. आजच सारवली. अस्सल नदीकाठची पांढरी माती."

साहेब गुणवंतरावांकडे पाहत राहिले. मग त्यांनी दारातून बाहेर नजर टाकली. ड्रायव्हर जीपपाशी विडी ओढत होता. साहेबांनी आवाज खाली आणला.

"गुणवंतराव, आधीच्या तीन गावांत मी हेच पाहून आलो. सगळीकडे शेण आणि माती. तसं खरं लिहिलं तर वर काय म्हणतील? नव्या अधिकाऱ्याला काम करून घेता येत नाही. मलाही अजून सामावून घेतलेलं नाही हो. पुण्याला घरी रोज पत्र येतंय का म्हणून वाट पाहतात."

काळजी फक्त खालच्या पायरीवर राहते अशी गुणवंतरावांची इतके दिवस समजूत होती.

"साहेब, परत फवारू का? आज सुरू करतो."

"पावडर कुठाय? जुन्या नावानं आलेली संपली. नवी मागणी नव्या नावानं करायची, आणि नव्या नावाचा शिक्का मुंबईहून यायचा आहे." साहेबांनी रुमालानं बोट पुसलं. "भिंत पांढरी आहे, हे तर खरं?"

"खरं आहे."

"मग लिहा. भिंती पांढऱ्याशुभ्र आढळल्या. काम समाधानकारक."

गुणवंतरावांनी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. लिहिताना त्यांना एकदा वाटलं की हात थांबवावा. बाहेर अंगणात सोमारी हसत होती, आणि याच घरात तिची आई येता हिवाळा मातीखाली गाडलेल्या औषधाजवळ झोपणार होती. पण साहेब खांद्यावरून वाचत होते. गुणवंतरावांनी पूर्णविराम दिला.

खात्याच्या इतिहासात कुठलाही हुकूम एवढ्या लवकर आला नसेल. थंडी पडायच्या आत आला. गुणवंतराव योग्य आढळले होते. ते कायम झाले होते. भैयाजी कुंपणावरून पेढा मागून गेले आणि हे सगळं आपल्याच सल्ल्यानं झालं असं त्यांनी दोन घरी सांगितलंही. इंदुताईंनी देवाला साखर ठेवली. हुकमाचा खालचा भाग गुणवंतरावांनी त्यानंतर वाचला. निर्मूलनाच्या नव्या पद्धतीप्रमाणे इन्स्पेक्टरनं यापुढे गावातच राहायचं होतं, म्हणजे तापाचा प्रत्येक रोगी त्याला लगेच सापडेल. समाधानकारक कामाची कदर म्हणून त्यांना मुख्यालय दिलं होतं चिचटोला.

बैलगाडीत सामान, इंदुताई आणि मुलीला घालून ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. गुणाबाईनं आपल्या घराची पुढची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली होती. खोली आरशासारखी लख्ख होती.

"तुमच्यासाठी दोन हात जास्तीचे दिले जी," गुणाबाई म्हणाली. "तुमच्या पावडरचा एक डाग दिसत असन त सांगा."

गुणवंतरावांनी पाहिलं. एकही दिसत नव्हता. "चांगलं झालं, बाई," ते म्हणाले.

इंदुताईंनी कौतुकानं भिंतीवरून हात फिरवला आणि मुलीचं अंथरूण भिंतीलगत घातलं. मुलगी दमून लगेच झोपली. तलावाच्या बाजूनं संध्याकाळची ती ओळखीची गुणगुण सुरू झाली होती.

"हीच ना ती खोली, साहेबांनी तपासलेली?" इंदुताई म्हणाल्या. "बरं झालं बाई. म्हणजे पोरीची काळजी नाही. इथी तुमची पावडर आहे ना भिंतीले?"

"अहवालात तसंच आहे," गुणवंतराव म्हणाले, आणि झोपलेल्या मुलीला अंथरुणासकट भिंतीपासून ओढून त्यांनी आपल्या कुशीत घेतलं.